एक डोकं, दोन शेपट्या

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली लेसिथिन, कडेने पाणी सोडलं आहे]

हा पिवळट ठिपका अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनचा. पाणी पोचलं... आता कडेकडे बघा. कोंब फुटावेत तशा नळ्या निघतायत, वळतायत, एकमेकींत गुंततायत. यात जीव नाही. फक्त लेसिथिन आणि पाणी. लेसिथिन हे फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशीचं पटल ज्याचं बनतं तो मेद.

[दृश्य : मणी आणि दोन दोरे]

मणी म्हणजे फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं. त्यात फॉस्फेट आहे, विद्युतभार आहे, म्हणून त्याला पाणी मानवतं. दोरे म्हणजे शेपट्या, मेदाम्लांच्या. त्यांचं पाण्याशी जमत नाही. साबणाच्या रेणूला शेपटी एकच, त्यामुळे तो खाली निमुळता. असे रेणू जमले की गोळा होतो. दोन शेपट्यांचा रेणू वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीचा. असे रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की सपाट थर होतो. त्याला पाठ लावून उलटा दुसरा थर. डोकी बाहेर, शेपट्या आत. उघडी कड पाण्यात टिकत नाही, म्हणून हे दुहेरी पटल मिटतं आणि पिशवी होते. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर.

[दृश्य : थिजलेलं तूप, शेजारी शेंगदाण्याचं तेल]

एक दोरा वाकडा ठेवलाय, तो मुद्दाम. सरळ शेपट्या दाटीने बसतात आणि तुपासारख्या थिजतात. वाकडी शेपटी मध्ये आली की जागा सुटते, पटल प्रवाही राहतं.

[दृश्य : पत्र्याचं लांबट भांडं, काठोकाठ पाणी, वर सरकणारी पट्टी]

हे भांडं आम्ही आग्नेस पॉकेल्सच्या मापाने करून घेतलं. 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, 2 खोल. जर्मनीतलं ब्राउन्श्वाइग, 1880 नंतरची वर्षं. विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकला. आग्नेस घर आणि आईवडिलांची आजारपणं सांभाळत राहिली. भांडी घासताना तेलकट पाण्याचं वागणं तिने हेरलं. पत्र्याची पट्टी सरकवून पृष्ठभाग आवळायचा, तराजूला टांगलेलं बटण पाण्यावरून उचलायला किती वजन लागतं ते टिपायचं. अशी दहा वर्षं. 1891 मध्ये तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं, त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्युअरने हीच पद्धत सुधारून वापरली. आज भांड्याला नाव त्याचं आहे. आम्ही आधी तिचं घेतो.

[दृश्य : रक्ताचा थेंब, तांबड्या पेशी]

1925, नेदरलँड्समधलं लायडन. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतले मेद ॲसिटोनने काढून अशाच भांड्यात पाण्यावर एकेरी थरात पसरले. क्षेत्रफळ भरलं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट. म्हणजे पेशीच्या पटलात थर दोन! खरं तर मेद पूर्ण निघाले नव्हते आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं, उत्तर बरोबर आलं.

अशाच मेदाच्या पिशव्यांत आता औषध भरतात. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांना दिलेलं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन त्यातलंच.

[दृश्य : पुन्हा भांडं, पाण्यावर टाल्कम पावडर, तेलाचा थेंब]

थेंब पडतोय. पावडरकडे बघा.