गुळव्याचं तोंड दाबलं की काय होतं

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्याला केंदाळ म्हणजे जलपर्णी काय असते ते सांगायला नको. वरनं काढलं की पाणी कसं मोकळं दिसतंय, पण कडेला चार तुकडे राहिले की थोड्याच दिवसांत परत हिरवंगार. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर तसलाच आहे बघा. सर्जन गाठ काढतात, एमआरआयमध्ये जागा रिकामी दिसते, पण काही पेशी आधीच शेजारच्या चांगल्या मेंदूत घुसून बसलेल्या असतात. आणि हा कॅन्सर मेंदूच्या बाहेर सहसा जात नाही, आतल्या आतच पसरतो.

मग ह्या पेशींना आवरणारं कोणीच नाही का? आहे की, मायक्रोआरएनए. आरएनएचा साधारण २२ अक्षरांचा तुकडा, ह्याच्यापासनं प्रोटीन बनत नाही म्हणून कोणी ढुंकून बघत नव्हतं. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांना तो मिलिमीटरभर अळीत सापडला, नोबेल मिळालं थेट २०२४ ला.

काम समजायला गुऱ्हाळावर चला. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या पाण्यात गोळी बघतो आणि म्हणतो, बास, जाळ काढा. पेशीत जीनकडनं प्रोटीन बनवायचा निरोप निघतो आणि मायक्रोआरएनए त्याला वाटेतच धरतो, एवढंच. मिर म्हणजे मायक्रोआरएनएचंच छोटं नाव. मिर-७ हा चांगला गुळव्या, ईजीएफआर नावाचं प्रोटीन पेशीला वाढ वाढ म्हणत असतं त्याचा जाळ हा कमी ठेवतो, पण ह्या गाठीत नेमका हाच कमी झालेला असतो.

मिर-२१ उलटा, तो गाठीत बक्कळ वाढतो आणि गुळव्याचंच तोंड दाबतो. बिघडलेल्या पेशीनं मरायला हवं, त्यात मदत करणारं पीडीसीडी-४ नावाचं प्रोटीन हा दाबतो. रेक आणि टिम्प-३ ही प्रोटीनं पण दाबतो, आणि माझ्या मते खरी मेख इथंच आहे, कारण पेशींच्या मधलं जाळं विरघळवणाऱ्या एन्झाइमना हीच दोघं आवरून धरतात. ती गेली की वाट मोकळी.

मिर-१०बी तर चांगल्या मेंदूत जवळजवळ नसतोच, गाठीत मात्र भरपूर, म्हणून औषधवाल्यांचा त्याच्यावर डोळा आहे. पण रक्तातनं मेंदूत औषध शिरू देणं शरीराला मान्य नाही, तिथं पहाराच आहे. शिवाय मिर-३४ची नक्कल असलेलं औषध दुसऱ्या अवयवांच्या कॅन्सरवर माणसांना देऊन बघितलं होतं, इम्युनिटी उलटली, त्रास गंभीर झाला आणि २०१६ मध्ये ती ट्रायल बंद करावी लागली.