भरलेल्या बादलीखाली तहान

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या परसात कोंबड्या असतील तर आत्ता, अंधार पडायच्या आत, त्यांच्या पाण्याच्या भांड्यापाशी एकदा जाऊन या. मोबाईलवर ऐकत असाल तर मलाही सोबत न्या. भांड्याच्या तळाला बोट लावून पाहा. बुळबुळीत लागेल. पाण्यावर तुसाचे कण, एखादं पीस, आणि बहुतेक घरी शीटसुद्धा दिसेल. आपण सकाळी पाणी स्वच्छच भरलेलं असतं, पण कोंबडी पायाने उकरणारा जीव आहे. ती उकरते, भांड्याच्या काठावर चढते, आणि तासाभरात त्या पाण्याची रया जाते. तेच पाणी ती दिवसभर पिते.

मी माण तालुक्यातली. सातारा जिल्ह्याचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात आमच्या वाडीवर टँकर येतो, तेव्हा घरातली सगळी भांडी दारात मांडलेली असतात. अशा घरात कोंबड्यांनी सांडलेलं पाणी डोळ्यांना बघवत नाही. माझ्याकडे बावीस कोंबड्या आहेत, थोड्या गावठी, थोड्या वनराज जातीच्या. पूर्वी त्यांच्यासाठी मातीचा परळ आणि एक जुनं घमेलं होतं. दिवसातून तीनदा भरायचं आणि तीनदा ओतून द्यायचं. ओतलेलं पाणी खुराड्याच्या तुसातच जिरायचं.

खरं दुखणं तिथूनच सुरू होतं. पिलांना रक्ती हगवण लागते ती ओल्या तुसातून. त्या रोगाचे जंतू शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच अपाय करत नाहीत. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात, आणि मग टोचणाऱ्या पिलाच्या पोटात जातात. ऊब तर आपल्याकडे बाराही महिने आहे. ओल तेवढी आपण आपल्या हाताने पुरवतो. खुराड्यातला तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओला आहे, भुरभुरून पडला तर ठीक. आत वाकल्यावर डोळे चुरचुरले तर मात्र उशीर झालेला आहे.

उघड्या भांड्यावर दुसऱ्यांचाही डोळा असतो. कावळे, चिमण्या, पारवे सगळे तिथेच येऊन पितात. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून आपण बाहेरच्या पाखरांना जरा बिचकून असतो. पण दाणे झाकून ठेवणारी बाई पाणी मात्र उघडंच ठेवते. मीही ठेवत होते.

यावरचा उपाय मोठ्या पोल्ट्रीत तुम्ही पाहिला असेल. लांबच लांब पाइप, त्याला खालून लटकलेल्या लहान लहान निपल, आणि प्रत्येक निपलमधून बाहेर आलेली एक पिन. कोंबडीने चोचीने पिन ढकलली की थेंब पडतो, सोडली की बंद. पाणी शेवटपर्यंत झाकलेलं राहतं. हीच गोष्ट परसात एका बादलीवर होते, आणि घरी होते.

पोल्ट्रीचं सामान मिळतं त्या दुकानातून आट्यांच्या निपल आणा, म्हणजे स्क्रूसारख्या पिळून बसणाऱ्या. बादली झाकणाची, वीस लिटरची घ्या, आणि रंगाची गडद घ्या. पांढऱ्या किंवा पारदर्शक बादलीत ऊन शिरतं आणि आठवड्यात शेवाळ धरतं. रंगाची किंवा औषधाची रिकामी बादली कितीही घासली तरी वापरू नका. कोंबडी जे पिते ते अंड्यात उतरतं आणि अंडं आपल्या ताटात येतं.

भोक पाडताना घाई नको. बरेच जण सळई तापवून भोक पाडतात. ते भोक कधीच गोल होत नाही, कडेला प्लॅस्टिक वितळून गुठळी होते आणि जन्मभर गळत राहतं. ड्रिलच वापरा. बिट निपलच्या आट्यांपेक्षा किंचित बारीक हवं. दुकानदाराला मापाचं विचारा, आणि तरीही आधी एखाद्या फुटक्या डब्यावर करून पाहा. माझे धाकटे दीर नळाची कामं करतात. पहिली बादली त्यांनीच करून दिली. भोक पाडून झाल्यावर ते बराच वेळ ब्लेडने आतली बाजू तासत बसले होते. मी म्हटलं, भावजी, आतलं कोण बघणार आहे? ते म्हणाले, वहिनी, हा भुसा निपलमध्ये जातो आणि पिन नीट बसू देत नाही. तेव्हापासून मी बादली दोनदा खळखळून धुतल्याशिवाय निपल लावत नाही. आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप दोन-तीन वेढे गुंडाळायची आणि निपल हाताने पिळायची. पान्याने आवळलं की प्लॅस्टिकचे आटे तुटतात आणि भोक वाया जातं.

भोकं बादलीच्या तळाला, पण काठापासून चार बोटं आत पाडा. मग बादली जमिनीवर टेकवता येत नाही, म्हणून मी भरताना ती स्कूटरच्या जुन्या टायरवर ठेवते. कडा टायरवर टेकते, निपल मधल्या पोकळीत राहतात.

आता गळतं का ते कसं बघायचं? चुलीतली कोरडी राख चाळून बादलीखाली पसरायची आणि रात्रभर टांगून ठेवायची. सकाळी राखेत खड्डा दिसला की त्याच्या बरोबर वरची निपल गळते. बहुतेक वेळा पिन दोन-चार वेळा ढकलली तरी अडकलेला कण निघून जातो. नाहीच थांबलं तर काढा, टेप बदला, परत लावा. थेंब थेंब गळणारी निपल तशीच चालवून घेऊ नका. तूस भिजू नये म्हणूनच तर आपण हा खटाटोप केला.

मोठ्या फार्मवर एका निपलवर आठ-दहा पक्षी धरतात. घरी मी चार-पाचांना एक धरते. आपल्या कळपात एखादी दांडगी कोंबडी असतेच, ती निपलखाली उभी राहते आणि दुबळीला टोचून हाकलते. आणि कळप कितीही लहान असला तरी एकच निपल कधीही लावू नका, निदान दोन लावा. एक तुंबली तर दुसरीतून पाणी मिळत राहतं.

उंचीकडे मात्र नीट लक्ष द्या. कोंबडीला आपल्यासारखं पाणी ओढून गिळता येत नाही. परळातून पिताना ती चोच बुडवते, मग मान वर करते, आणि पाणी आपल्या वजनाने घशात उतरतं. निपल वर असली की मान आधीच वर असते आणि थेंब सरळ आत जातो. म्हणून मोठ्या पक्ष्याने मान ताणावी, पण पायाच्या बोटांवर उभं राहावं लागू नये, एवढ्या उंचीवर बादली टांगा. खाली टांगली तर ती बाजूने चोच मारते आणि निम्मं पाणी जमिनीवर पडतं. पिलांसाठी पहिले दोन-तीन दिवस पिन डोळ्यांच्या पातळीत हवी, नंतर पिलं वाढतील तशी दोरी वर घ्या. पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोच्या वर जाते, तेव्हा वासा आणि दोरी दोन्ही भक्कम पाहा.

स्लॅबवरच्या टाकीतून थेट नळी जोडायचा मोह होईल. जोडू नका. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब पिनला पेलत नाही, सगळ्या निपल गळायला लागतात. शिवाय एप्रिलात त्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आणि कोंबडी गरम पाणी पीत नाही. बादली सावलीतच हवी. मी उन्हाळ्यात तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळते.

कोंबड्यांना शिकवायला फार लागत नाही. पिन बोटाने हलवून थेंब लटकवून ठेवायचा. चमकणाऱ्या वस्तूवर चोच मारायची त्यांना सवयच आहे. माझ्याकडे एका तलंगेने, म्हणजे तरण्या कोंबडीने, पहिली चोच मारली, दचकून मागे सरली, चोच चाटल्यासारखी केली आणि परत आली. संध्याकाळपर्यंत पाच-सहा जणी तिचं बघून शिकल्या. पण प्रत्येक कोंबडी पिते आहे हे डोळ्यांनी दिसेपर्यंत जुना परळ उचलू नका, आणि ही शिकवणी भर उन्हाळ्यात सुरू करू नका. बदकं पाळणाऱ्यांनी मात्र यावर विसंबू नये. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवायला पाणी लागतं.

आता ज्यासाठी मी आज इथे बसले आहे ते सांगते. पहिल्याच वर्षी, एप्रिलमध्ये, मांजर झाकण पाडतं म्हणून मी बादलीचं झाकण दाबून घट्ट बसवलं आणि शेतावर गेले. बादली काठोकाठ भरलेली होती. दुपारी तीनला परत आले तर कोंबड्या पंख फाकवून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढते, आणि त्यात अंगातलं पाणी झपाट्याने जातं. मी बादली खालून उचलून पाहिली, जड लागली, भरलेलीच होती. मला वाटलं, पाणी तर आहे, उन्हाचंच काहीतरी झालं असेल. सासूबाईंनी काठीच्या टोकाने एक पिन ढकलली. थेंब आला नाही. दुसरी ढकलली. तिथेही कोरडंच. झाकणातून हवा आत जायला वाट नव्हती, म्हणून पाणी खाली उतरत नव्हतं. झाकण उचललं तशी आत हवा शिरल्याचा आवाज आला. त्या दुपारी दोन कोंबड्या गेल्या, त्यातली एक अंड्यावरची, म्हणजे अंडी देणारी होती. उरलेल्यांची अंडी पुढे कित्येक दिवस कमी झाली.

परळ कोरडा पडला तर लांबूनही दिसतो. बंद बादली तुंबली तर काही दिसत नाही. तिचं स्वच्छ राहणं आणि तिचं फसवणं, दोन्ही त्या झाकणामुळेच. म्हणून झाकणाला, कडेच्या बाजूला, खिळ्याएवढं भोक पाडाच, आणि त्यावर बारीक जाळी चिकटवा. आणि रोज सकाळी दाणे टाकताना प्रत्येक पिन, एकही न सोडता, बोटाने ढकला. माझ्या सहा निपल आहेत, त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. बादलीतलं पाणी दिवसभरात किती उतरलं तेही बघा. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हाळ्यात दुप्पटही लागतं. बावीस कोंबड्यांची बादली संध्याकाळी सकाळइतकीच भरलेली असेल तर ती समाधानाची गोष्ट नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर निपलमध्ये पांढरा क्षार बसतो आणि पिन जाम होते. महिन्यातून एकदा निपल काढून व्हिनेगरमध्ये काही तास बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. बादली आठवड्याला घासा. पाण्यातून गूळ किंवा जीवनसत्त्वाचं औषध दिलं असेल तर त्याच संध्याकाळी धुवा, नाहीतर आतून चिकट थर धरतो. मानमोडी रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी बादली बाजूला ठेवा आणि धुतलेल्या उघड्या प्लॅस्टिकच्या भांड्यातूनच द्या. ब्लीचिंगचा अंश असलेल्या पाण्यात लस मरते, आणि निपलवर प्रत्येकीने वेळेत पुरेशी लस घेतली की नाही हे कळत नाही.

एवढ्या कोंबड्याच नाहीत, घरात एक खुडूक बसली होती आणि आता तिची आठ पिलं डालग्याखाली आहेत, अशाही घरी कोणी ऐकत असेल. तुम्हाला बादलीची गरज नाही. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, बुचाला मधोमध भोक पाडून त्यात निपल पिळा, बाटल्या उलट्या करून डालग्याच्या बाहेरून बांधा, म्हणजे फक्त बुचं आत येतील. बाटलीचा तळ आता वर आलेला असेल, त्याला सुईने एक भोक पाडा. ते भोक विसरू नका. पिन पिलांच्या डोळ्यांसमोर येईल असं बघा, आणि आईसाठी दोन दिवस परळही राहू द्या. ती शिकली की पिलं तिच्या पाठोपाठ शिकतात.

नमस्कार.