औषध मारणारं हेलिकॉप्टर तारेत का सापडतं?

नमस्कार मंडळी! पिकावर औषध मारता मारता हेलिकॉप्टर कोसळलं, असला व्हिडिओ वर्षातून एकदा तरी आपल्या ग्रुपवर फिरतो. निपाणी असो नाहीतर अथणी, कट्ट्यावर निकाल ठरलेला: इंजिन बंद पडलं असणार.

पडतं की कधीकधी. पण इंजिन बंद पडलं म्हणजे हेलिकॉप्टर लगेच खाली आपटतं असं नाही. वैमानिक पात्यांचा कोन झटक्यात कमी करतो. मग खालून वर येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि त्या फिरण्यातल्या जोरावर ते अलगद उतरवता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. त्यासाठी हातात उंची पाहिजे, नाहीतर वेग तरी पाहिजे.

फवारणीत नेमकं तेच नसतं. पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून उडायचं. शेत संपलं की नाक वर करायचं, गिरकी घ्यायची, पुन्हा खाली यायचं. त्या गिरकीत वेग जवळजवळ संपलेला असतो, उंची जेमतेम झाडाएवढी, आणि टाकी भरलेली असली तर वजनही अंगावर. तिथं इंजिननं दगा दिला तर सावरायला सेकंदही मिळत नाही.

आता खरा वैरी. तार.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं 2001 ते 2010 मधल्या तारेला धडकण्याच्या 180 घटना पाहिल्या. त्यातल्या 100 शेतीकामातल्या. आणि ऐका, 63 टक्के वेळा तार कुठं आहे हे वैमानिकाला आधीच ठाऊक होतं! मला हा आकडा सगळ्यात भयानक वाटतो. तार दिसली नाही हे समजू शकतं. माहीत असलेली तार विसरते कशी?

विसरते, कारण लक्ष शंभर ठिकाणी असतं. वारा कुठून येतोय, मागचा पट्टा कुठं संपला, नोझल नीट चालतोय का, टाकीत किती उरलं. त्यात बारीक तार लांबून पिकाच्या रंगात मिसळून जाते. म्हणून शहाणा वैमानिक तार शोधत नाही, खांब शोधतो. एका खांबावरून दुसरा कुठं असेल ते ताडतो.

आता आपलं शिवार डोळ्यांसमोर आणा. बांधाबांधानं खांब, निम्मे कललेले. विहिरीवरच्या मोटारीची लाइन एकीकडून, बोअरची दुसरीकडून. मध्ये कुणाची तरी नारळाची झाडं. वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे. इथं हेलिकॉप्टर आणणं म्हणजे गिरकीवर गिरकी, आणि प्रत्येक गिरकीला तार. 2020 च्या टोळधाडीत राजस्थानात बेल 206 हेलिकॉप्टर आणलं होतं, 250 लिटर औषधाची टाकी, एका फेरीत 25 ते 50 हेक्टर. तिथं वाळवंट मोकळं होतं. आपल्या पाच एकरांच्या वाटण्या झालेल्या जमिनीला तो हिशोब लागूच होत नाही.

तरी गरज खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणार कोण? 2002 ला लोकरी मावा ही उसावरची कीड आली तेव्हा ऊसवाल्यांनी ही अडचण भोगलीय. म्हणून आता ड्रोन. त्यात माणूस बसत नाही, पडला तर पैशाचं नुकसान. माझं मत विचाराल तर आपल्या भागाला तेच बरं. (स्क्रीनवर: उसावर फवारणी करणारा ड्रोन)

पण तार ड्रोनलाही चुकत नाही, ओ. एकरावर पैसे ठरलेले असले की चालवणाऱ्याला घाई असते. म्हणून ड्रोनवाला आला की टाकी भरायच्या आधी त्याला बांधावरून एक चक्कर मारून आणा. खांब हातानं दाखवा, उसात लपलेला तणावा, म्हणजे खांबाला ताण देणारी तिरकी तार, दाखवा, शेजाऱ्यानं नव्यानं ओढलेली वायर तर आधी दाखवा. नकाशात ती नसणार.

आणि एवढं करूनही ड्रोन तारेत अडकलाच, तर बांबू घेऊन काढायला जाऊ नका. ओला बांबू वीज खाली आणतो. खाली लोंबणाऱ्या पाइपला, सांडलेल्या औषधाला हात लावू नका, पोरांना लांब ठेवा. लाइनमनला फोन करा, आणि लाइन बंद केली असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खांबाजवळ जाऊ नका.