एक मुलगी द्या हो!

नमस्कार मंडळी, काय, जेवलात का? मुद्दामच विचारतेय, कारण कोरियात पण माणूस भेटला की हेच विचारतात, आणि तिथे भाताला म्हणतात बाप. म्हणजे ओळखीचं कोणी दिसलं की "बाप खाल्लास का?" पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी मराठी पोरी ह्या वाक्याला एवढ्या खिदळलो की सनसेंगनिमनी, म्हणजे आमच्या बाईंनी, आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर बसवलं.

तर मी सोलमध्ये एका युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात कोरियन शिकले. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक, दहा आठवड्यांची टर्म म्हणजे 200 तास, आणि अशा सहा लेव्हल. लिपीचं काही टेन्शन नसतं बरं का, सेजोंग राजाने ती 1443 मध्ये तयार केली, 1446 मध्ये जाहीर केली, आज त्यात 24 मूळ अक्षरं आहेत आणि दोन-तीन दिवसांत दुकानांच्या पाट्या वाचता येतात. व्याकरण तर आपल्या घरचंच, क्रियापद शेवटी, प्रत्यय मागून चिकटणार. इतकंच काय, "माझी आई" म्हणतच नाहीत, "आमची आई" म्हणतात, एकुलतं एक लेकरू असलं तरी!

घोडं अडतं ते कानापाशी. थाल म्हणजे मुखवटा, ताल म्हणजे मुलगी, आणि तिसरा एक शब्द आहे चंद्रासाठी, त्याचं पहिलं अक्षर ना धड त, ना धड द, ना धड थ. आपल्याला त आणि थ वेगळे येतात म्हणून मी जरा हवेतच होते, वर्गातल्या इतरांपेक्षा आपलं सोपं आहे वगैरे. पण मी शहाणी, इंग्रजी स्पेलिंगमधला टी वाचून वहीत मुखवट्यापुढे देवनागरीत लिहून ठेवलं 'ताल'. इथेच माशी शिंकली.

प्रत्येक टर्मला एक दिवस फील्ड ट्रिप असते. सेकंड लेव्हलला आमची गेली हाहवेला, आंदोंग शहराजवळच्या जुन्या गावाला. सकाळी सातला बस, हजेरी, हातात एक किम्बाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, आणि पाण्याची बाटली (माझी पुण्याची मैत्रीण शाकाहारी, ती आंदोंग येईपर्यंत त्यातले हॅमचे तुकडे वेचून माझ्या झाकणात ठेवत होती), आणि एक वर्कशीट, गावातल्या माणसाला तीन प्रश्न विचारा, उत्तरं लिहा. खरं सांगू, ते वर्कशीट मला अजिबात आवडत नाही, चाळीस पोरं एकाच आजोबांना घेरून "तुमचं वय किती" विचारतायत, आजोबा बिचारे चाळीस वेळा सांगतायत.

गाव मात्र काय आहे! नाकदोंग नदी तीन बाजूंनी वळसा घालून जाते, हाहवे ह्या नावाचा अर्थच वळणारी नदी. पुंगसानच्या र्‍यू घराण्याचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुळाची माणसं राहतायत, कौलारू वाडे आणि गवताने शाकारलेली घरं शेजारी शेजारी. 2010 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण म्युझियम नाही हं, अंगणात कपडे वाळत असतात. मधोमध सहाशे वर्षांचं झाड, त्याच्याभोवती लोकांनी कागदावर इच्छा लिहून बांधलेल्या.

मुखवटे हाहवेचेच प्रसिद्ध. त्यातला इमे नावाचा जो आहे त्याला हनुवटीच नाही. गोष्ट अशी सांगतात की हो नावाच्या तरुणाला देवाची आज्ञा झाली, मुखवटे कोर, पण काम पुरं होईतो कोणाच्या नजरेला पडू नकोस. त्याच्यावर जीव जडलेल्या मुलीला राहवेना, तिने भोकातून डोकावलं, आणि तो तिथेच रक्त ओकून मेला. इमे अर्धवट राहिला तो राहिलाच. मला तोच पाहिजे होता. दुकानात गेले, वही उघडली, दोन्ही हात पुढे करून एकदम आदराने म्हटलं, "ताल हाना जुसेयो", एक ताल द्या.

दुकानातल्या बाई दोन सेकंद बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, एकच आहे गं, ती पण लग्न करून बुसानला गेली, मुलगा चालेल का, अजून बिनलग्नाचाय. मागे सनसेंगनिम भिंतीला टेकून हसतायत. त्या बाईंनी मला पाच-सहा वेळा तोंडापुढे तळहात धरून 'थाल' म्हणायला लावलं, हाताला वारा लागला तरच खरं. वर्गात हेच कागदाच्या तुकड्याने शिकवलं होतं, डोक्यात नाही शिरलं.

जेवायला बांगडा! समुद्रापासून लांबचं गाव, पूर्वी पूर्व किनार्‍यावरून मासा यायचा, वाटेत खराब होऊ नये म्हणून मीठ लावायचे, तोच आंदोंगचा खारवलेला बांगडा. मी रत्नागिरीची, म्हटलं आता बोला. वाढणार्‍या बाईंना सगळे "इमो" हाक मारत होते, इमो म्हणजे मावशी, अगदी सख्खी आईची बहीण, पण हॉटेलातल्या बाईलाही तेच. आपण नाही का भाजीवालीला मावशी म्हणत! मी पण ओरडले, "इमो, अजून एक बाप!"

दुपारी मुखवट्यांचा खेळ. ऐंशी टक्के डोक्यावरून गेला. मग यांगबान, म्हणजे उमराव, आणि सनबी, म्हणजे पंडित, यांची जुंपली. उमराव छाती फुगवून म्हणतो, मी सादेबूचा वंशज. सादेबू म्हणजे मोठे अधिकारी-विद्वान लोक. पण 'सा' म्हणजे चार पण होतं. पंडित लगेच म्हणतो, हॅ, मी पालदेबूचा वंशज! पाल म्हणजे आठ. चाराला आठ, तुझ्या दुप्पट! मग पंडिताने चार ग्रंथ वाचलेत तर उमरावाने म्हणे आठ. आपला सोंगाड्या पाटलाची उडवतो ना, त्यातलाच प्रकार. आकडे तर पहिल्याच महिन्यात पाठ झालेले, आणि मी हसले, शेजारच्या आज्यांच्या बरोबरीने, त्यांचं बघून नाही. कोरियन भाषेतला मला आपला आपण कळलेला पहिला जोक तो.

वर्कशीटवर शेवटचा प्रश्न होता, आज काय शिकलात. मी बसमध्ये हा सगळा जोक कोरियनमध्ये लिहून काढला, पानभर. दुसर्‍या दिवशी बाईंनी परत दिलं तर खाली हसरा चेहरा काढलेला, आणि 'थाल'भोवती लाल गोल. ह्या वेळी चंद्र लिहिला होता.