मेंदूज्वर: बाळाची टाळू, पोरांचा घसा

जानेवारी महिना. सहाराकडून हरमॅटन वारा सुटला, की पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत भांड्यांवर, अंथरुणांवर, पापण्यांवर बारीक धूळ बसते. घसे कोरडे पडतात. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या या पट्ट्यात आयाबायांना हाच मोसम धास्तीचा. १९९६-९७ मध्ये इथे मेंदूज्वराची साथ आली. अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार दगावले.

जिवाणूचं नाव मेनिंगोकोकस. तो राहतो माणसाच्या घशात, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. शाळकरी आणि तरुण पोरांच्या घशात तो जास्त सापडतो. कधीतरी तो रक्तात उतरतो, आणि मग एका दिवसात होत्याचं नव्हतं होतं.

तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. ते दूध ओढत नाही, कण्हतं, उचलून घेतलं की आणखी रडतं. टाळूवर हलकेच बोटं ठेवा. ती फुगलेली, टणक लागते. मोठं मूल निदान सांगतं तरी: डोकं फुटतंय, उजेड सोसवत नाही. म्हातारपणी हाच आजार कधी न्यूमोनियाच्या रूपात येतो.

अंगावर जांभळट ठिपके उठले, तर त्यावर काचेचा ग्लास दाबून बघा. ठिपके फिके पडले नाहीत, तर तसंच दवाखाना गाठा. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघावी लागते. उपचार मिळूनही दहातला एक जण जातो. वाचलेल्यांपैकी कित्येकांना ऐकू येईनासं होतं.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत नवी लस टोचायला सुरुवात झाली. ती तयार झाली होती पुण्यात, हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. एका डोसची किंमत तेव्हा अर्ध्या डॉलरहून कमी होती. पुण्याने जगाला दिलेल्या गोष्टींत मला ही फार मोलाची वाटते.

लस दिली १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांना. तान्ही बाळं वगळली, म्हातारे वगळले. पण पोरांच्या घशातूनच जिवाणू हटला, आणि लस न टोचलेली बाळं, आजी-आजोबाही वाचले. चाडमध्ये लसीकरण झालेल्या भागात मेंदूज्वर ९४ टक्क्यांनी घटला. साथ आणणारा जिवाणूचा 'ए' प्रकार त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

'सी', 'डब्ल्यू', 'एक्स' मात्र उरले. मार्च २०२४ मध्ये नायजेरियात पाच प्रकारांवरची लस आली, तीही पुण्याचीच. रांगेत पुन्हा १ ते २९ वर्षांची पोरं उभी होती.