बोर्डावरची बारकी मंडळी

पुढच्या रांगेतल्यांना एक काम आहे. ही काचेची डबी हातोहात मागे जाऊ द्या, पण झाकण उघडू नका. कुणाला शिंक आली तर आजचं व्याख्यान तिथेच संपेल. आत बीएमई-२८० नावाची चिप आहे. तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता, तिन्ही मोजते. लांबी अडीच मिलिमीटर, रुंदीही तेवढीच, जाडी मिलिमीटरभरसुद्धा नाही. डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, म्हणते तिला आठ पाय आहेत. हे पाय म्हणजे पोटाखालचे आठ धातूचे ठिपके, एकमेकांपासून ०.६५ मिलिमीटरवर. आपल्या ब्रेडबोर्डाची, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीची, भोकं २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागावर. ही दोन अंतरं जुळवायला मधे कुणीतरी लागतं. ते काम करणारी जांभळी, निळी नाहीतर लाल पट्टी म्हणजे ब्रेकआउट बोर्ड.

अगदी साध्या बोर्डावर एवढंच असतं: चिपचे पाय तांब्याच्या रेघांनी बाहेर काढून हेडरच्या, म्हणजे पिनांच्या रांगेच्या, भोकांपर्यंत आणलेले. पण बहुतेक बोर्डांवर चिपच्या आजूबाजूला पाच-सात बारक्या वस्तू बसलेल्या दिसतील. आपण कोड लिहितो चिपसाठी, डेटाशीट वाचतो चिपची, आणि प्रोजेक्ट अडतो तो या बारक्या मंडळींपाशी. म्हणून आज मी चिपबद्दल जवळजवळ बोलणारच नाही.

माझी पहिली चूक आधी सांगून टाकतो. माझ्याकडे याच सेन्सरचे दोन बोर्ड होते, वेगवेगळ्या वेळी घेतलेले. दोन्हींवर वीजपुरवठ्याच्या पिनेला ‘व्हीसीसी’ लिहिलेलं. पहिला बोर्ड मी कित्येक महिने ५ व्होल्टवर चालवला, काही तक्रार नाही. दुसराही तसाच जोडला. त्यातून धूर नाही, वास नाही, काही नाही. फक्त सेन्सर सापडत नाही. मी तीन तास कोड तपासला! शेवटी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून भिंगातून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की पहिल्यावर एक काळा, तीन पायांचा तुकडा आहे आणि दुसऱ्यावर त्याची जागाच नाही. तो तुकडा म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, ५ व्होल्टचे ३.३ करणारा. चिपला स्वतःला ३.६ व्होल्टपर्यंतच चालतं, आणि ४.२५ च्या वर गेलात तर डेटाशीट हात वर करते. ‘व्हीसीसी’ या अक्षरांवरून आत रेग्युलेटर आहे की नाही, काहीही कळत नाही.

तेव्हा नवा बोर्ड हातात आला की आधी हा काळा तुकडा शोधायचा. मात्र प्रत्येक तीन पायांचा तुकडा रेग्युलेटर नसतो. तसेच दोन तुकडे जोडीने बसलेले दिसले तर ते बहुधा मॉसफेट, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, असतात आणि त्यांचं काम वेगळं. त्यांच्याकडे नंतर येतो.

आता रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे तुकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जे विद्यार्थी ‘एकेकटं सगळं चालतं, एकत्र जोडलं की बंद पडतं’ म्हणत येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचं उत्तर इथे असतं असा माझा अंदाज आहे.

आपले बरेचसे सेन्सर आय-टू-सी या पद्धतीने बोलतात. फिलिप्सने ती १९८२ मध्ये काढली, एकाच उपकरणातल्या चिपांना आपसांत बोलता यावं म्हणून. तारा दोनच: एसडीएवरून माहिती जाते, एससीएलवरून ठेका. गंमत अशी की या तारांवर बसलेली कुठलीही चिप तार शून्याकडे ओढू शकते, पण वर ढकलू शकत नाही. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतात. स्प्रिंग लावलेलं दार डोळ्यांपुढे आणा. कुणीही येऊन ते ओढून उघडावं. सोडलं की स्प्रिंग ते मिटवते. स्प्रिंग नसेल तर एकदा उघडलेलं दार तसंच लोंबकळत राहतं, आणि आपला कोड चालवणारा मायक्रोकंट्रोलर समोरच्याची वाट पाहत बसतो.

बोर्ड बनवणाऱ्याला वाटतं, ग्राहक एकच बोर्ड घेईल, त्याला वेगळे रेझिस्टर कशाला शोधायला लावा. म्हणून तो आपल्याच बोर्डावर स्प्रिंग लावून देतो. भला विचार आहे. पण तुम्ही पाच बोर्ड एकाच दोन तारांवर जोडलेत की दाराला पाच स्प्रिंगा लागल्या. प्रत्येकावर ४.७ किलोओहम असेल तर पाच समांतर मिळून होतात ९४० ओहम, आणि ओहम जितके कमी तितकी स्प्रिंग कडक. आता तार शून्यावर आणायला चिपला ३.३ व्होल्टवर साडेतीन मिलिअँपिअर ओढावे लागतात. आय-टू-सीच्या नियमाप्रमाणे तिच्याकडून अपेक्षा आहे तीनची. पुष्कळदा हे चालूनही जातं, आणि मला त्याचाच राग येतो. टेबलावर चालतं, डब्यात बंद करून भिंतीवर टांगलं की तिसऱ्या दिवशी थांबतं.

उलटही होतं. तार लांब झाली की तिची स्वतःची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून ठेवण्याची क्षमता, वाढते, आणि स्प्रिंग फार सैल असेल तर दार मिटायला वेळ लागतो. नियमाची वरची मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. तेवढ्या तारेवर एकच १० किलोओहमचा पुल-अप ठेवलात तर सिग्नल वर यायला साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतील. १०० किलोहर्ट्झच्या साध्या वेगालाही एकच मायक्रोसेकंदाची मुभा आहे. म्हणजे रेझिस्टर कमी हवा की जास्त, हे तुमच्या तारा ठरवतात.

किती आहे हे कसं ओळखायचं? मोठ्या आकाराच्या रेझिस्टरवर आकडा छापलेला असतो. ४७२ म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४७०० ओहम. १०३ म्हणजे १० वर तीन, दहा हजार. आकडा वाचता आला नाही तर बोर्ड सगळ्यांपासून सोडवा आणि मल्टिमीटर एसडीए आणि पुरवठ्याच्या पिनेवर लावा. जास्तीचे काढायचे कसे? काही बोर्डांच्या पाठीवर तीन छोटे पॅड एका बारीक रेघेने जोडलेले असतात. ती रेघ कटरने कापली की पुल-अप सुटले. तशी सोय नसेल तर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने रेझिस्टरच उचलायचा. पहिल्यांदा हात थरथरतो. दुसऱ्यांदा नाही.

शेजारचे तपकिरी, काही न छापलेले ठोकळे म्हणजे कपॅसिटर. चिपने अचानक जास्त करंट मागितला तर लांबच्या तारेतून येईपर्यंत दारातलं पिंप म्हणून ते उपयोगी पडतात. त्यांना हात लावू नका, एवढं पुरे.

पत्त्यांचं मात्र सांगायला हवं. आय-टू-सीवर पत्ता सात बिटांचा, म्हणजे १२८. त्यांतले १६ राखीव, हाती उरतात ११२. भरपूर वाटतात. पण पत्ता चिप बनवताना ठरतो आणि बदलायला बहुधा एखादीच पिन मोकळी ठेवलेली असते. डीएस-३२३१ हे घड्याळ आणि एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सर, दोन्ही अतिशय आवडीचे बोर्ड, आणि दोघांचा पत्ता एकच: हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ६८. दोघांना एका तारेवर घेतलंत की एका हाकेला दोघं ओ देतात. घड्याळाचा पत्ता बदलतच नाही. सेन्सरची एडी-शून्य ही पिन वरच्या व्होल्टेजला जोडली की तो ६९ वर जातो. बोर्डाने ती पिन बाहेर आणली असेल तर काम एका तारेचं. नसेल तर भिंग आणि संयम.

या घड्याळाच्या बोर्डाबद्दल आणखी एक तक्रार आहे. चिप उत्तम, ० ते ४० अंशांत दहा लाखांत दोनची अचूकता, म्हणजे वर्षाकाठी फार तर मिनिटभर पुढेमागे. पण त्याच्या सर्रास मिळणाऱ्या निळ्या बोर्डावर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. ही जोडी नाण्याच्या आकाराचा रिचार्जेबल सेल चार्ज करण्यासाठी. खोबणीत मात्र लोक साधा सीआर-२०३२ घालतात, जो चार्ज करायचाच नसतो. बोर्ड ५ व्होल्टवर असेल तर त्या सेलवर दिवसरात्र साडेचारच्या आसपास व्होल्ट ढकलले जातात. सेल फुगलेला मी पाहिला आहे. तो २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका. घड्याळ सेलवर तसंच चालत राहतं.

आता ते जोडीचे मॉसफेट. एका बाजूला ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर आणि दुसऱ्या बाजूला ३.३ चा सेन्सर असेल तर मधे दुभाषी लागतो. फिलिप्सच्याच एका टिपणातली ही युक्ती आहे: दर तारेमागे एक मॉसफेट, त्याच्या तीन पायांपैकी गेट ३.३ व्होल्टला, सोर्स खालच्या म्हणजे ३.३ च्या बाजूला, ड्रेन वरच्या म्हणजे ५ च्या. खालच्याने तार शून्यावर आणली की मॉसफेट चालू होतो आणि वरची तारही शून्यावर येते. वरच्याने आणली तर आधी मॉसफेटच्या पोटातला डायोड खालची तार ओढतो आणि मग मॉसफेट चालू होतो. एका तुकड्यात दोन्ही दिशांचा कारभार, आणि कोण कधी बोलणार हे कुणी सांगावं लागत नाही. मला हे सर्किट अजूनही सुंदर वाटतं.

बॅटरीवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी थोडं. आपला बीएमई-२८० सेन्सर सेकंदाला एकदा तिन्ही गोष्टी मोजतो तेव्हा त्याला सरासरी ३.६ मायक्रोअँपिअर लागतात. बोर्डावर पॉवरचा छोटा लाल एलईडी असेल आणि तो एक मिलिअँपिअर खात असेल, तर सेन्सरच्या पावणेतीनशे पट खातो. मायक्रोकंट्रोलरच्या बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डांवरचा एएमएस-१११७ रेग्युलेटर नुसता बसल्याबसल्या पाच मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. दोन्ही मिळून सहा. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चौदा दिवसांत रिकामी, आणि त्यात सेन्सरने काय घेतलं हे मोजणीतसुद्धा येत नाही. शिवाय या रेग्युलेटरला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण एक व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे ३.७ च्या लिथियम सेलवर तो ३.३ देऊच शकत नाही. तिथे वेगळा बोर्ड निवडा.

हेडर न सोल्डरता नुसता भोकांत अडकवून ‘सर, कधी चालतो कधी नाही’ म्हणणाऱ्यांना मी नावानिशी ओळखतो. आज नावं घेत नाही.

शेवटी हा बोर्ड. विकणाऱ्याने बीएमई-२८० म्हणून दिलेला. पत्ता हेक्स ७६ वर मिळाला, तापमान बरोबर येतंय, दाब बरोबर येतोय, पण आर्द्रता काही येत नाही. या चिपांमध्ये डी-शून्य या क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या एका छोट्या खणात, त्यांची ओळख कोरलेली असते. स्क्रीनकडे बघा, वाचतो. आलं: ५८. बीएमई असती तर ६० आलं असतं. ५८ ही बीएमपी-२८०, तिला आर्द्रता मोजताच येत नाही. ती डबी परत आली का? बरं, आता दोन्ही भिंगाखाली ठेवतो. डबीतली चौरस आहे. बोर्डावरची बघा, दोन बाय अडीच, आयताकृती. संगणक न उघडताच कळलं असतं. आर्द्रतेच्या ओळी मी कोडमधून काढतो आणि हा बोर्ड दाबावरून उंची काढायच्या प्रोजेक्टला लावतो. मागच्या टेबलावर भिंगं आणि मल्टिमीटर मांडलेत. आणलेले बोर्ड बाहेर काढा, आणि आधी तो काळा तुकडा शोधा.