कणकेतला कापूस
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय 'क्रेफिशच्या पाण्यात कार्प'. कार्प हा आपल्याला गरवायचा मासा, आणि क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंग्यासारखा प्राणी, जो आपलं आमिष कुरतडतो. तुमच्यातले बरेच जण इथे इंग्लंडात थेम्स-केनेट नद्यांकाठी गरवायला जाता, म्हणून बॉइली (उकडलेल्या पिठाची आमिषगोळी) आणि हेअर रिग (गळाला बांधलेल्या केसासारख्या दोऱ्यावर ती गोळी ओवणं) समजावण्यात जास्त वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट पटवायची आहे. क्रेफिशला दाद न देणारं आमिष कितीही कडक असलं, तरी कार्प त्याला नाक मुरडत नाही. पण त्यासाठी आधी संगमेश्वरला जाऊन येऊ.

आमच्या शास्त्री नदीत किरवी फार. आबा कणकेचा गोळा लावून गरी टाकायचे. जरा वेळाने दोरी थरथरायची आणि मी ओरडायचो, "आबा, लागला!" ते म्हणायचे, "थांब रे. मासा ओढतो, किरवं कुरतडतं." वर काढावं तर गरी लख्ख धुतल्यासारखी. मग आबांनी कणकेत कापूस पिंजून मळायला सुरुवात केली. तंतू पिठात असे गुंतायचे की नांगीने गोळा चिंबला तरी गरीवरच राहायचा. कापूस देवघरातल्या वातींचा. दोन सणांच्या मध्ये तो कसा संपतो, हे आजीला बरेच दिवस कळलं नाही. (हसताय, म्हणजे तुमच्याही घरी असंच काहीतरी पळवलं जात होतं!)

ती थरथर मला पुन्हा भेटली ती बर्कशरमध्ये, खडी काढून झालेल्या खड्ड्याच्या एका तळ्यावर. जुलैची रात्र, तीन काठ्या, मऊ ताज्या मासळीच्या बॉइली. दुकानदाराने त्या बजावूनच दिल्या होत्या: "कडक लावलंस तर कार्प थुंकून टाकेल." अंधार पडला आणि दोर हलला की वाजणारा अलार्म एकेकदा वाजू लागला. टिक. दहा मिनिटांनी परत टिक. मला वाटलं, कार्प घुटमळतायत, हलवायला नको. पहाटे चारला दोर गुंडाळले. दोन गळांचे केस उघडे, तिसऱ्यावर नखाएवढा तुकडा. क्रेफिशने सगळं कुरतडलं होतं. किती तास रिकाम्या गळांची राखण केली कोण जाणे. त्या सल्ल्याचा राग मला अजून येतो, कारण नवशिके आजही तोच ऐकून घरी जातात.

हा क्रेफिश इथला नाही, हेही सांगायला हवं. सिग्नल क्रेफिश मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. नांगीच्या सांध्यावर निळसर-पांढरा ठिपका असतो, त्यावरून नाव पडलं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये खाण्यासाठी पाळायला आणला, तिथून निसटला. सोबत आलेल्या रोगाने पांढऱ्या नांग्यांचा देशी क्रेफिश नदीनदीतून संपत चाललाय. सिग्नल काठात बिळं पाडतो, काठ ढासळतात. पिंजरे लावून तो संपत नाही. मोठे पकडले जातात, ते लहानांना खायचे, म्हणजे लहानांचं फावतं. शिवाय पिंजऱ्याला परवाना लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्द्यावर येतो.

कार्पला जबड्यात दात नसतात, घशात दाढा असतात. त्यांनी तो गोगलगाय फोडतो, शिंपले फोडतो, क्रेफिशही फोडतो. कवच चिरडणाऱ्याला कडक गोळीचं काय? म्हणून बॉइली सांडग्यांसारखी हवेवर वाळवा, आठ-दहा दिवस. त्यावर वाफेने आकसणारी नळी चढवा किंवा बारीक जाळीत बांधा. जाळी म्हणजे आबांचा कापूसच. टायगर नट (आमिषाला वापरतात तो छोटा कडक कंद) दिवसभर भिजवून किमान अर्धा तास उकळा. कच्चे कधीही टाकू नका, माशाला अपाय होतो. प्लास्टिकचा मका चालतो, पण तळ्याचा नियम आधी वाचा.

मऊ वेणीचा दोरा टाळा, क्रेफिश आमिष ओढत फिरतात आणि तो गुंतवतात. फ्लुरोकार्बनचा ताठ दोरा आखूड घ्या. शिशाचं वजन अडकलं तर सुटणारंच असावं. न झिजणारं आमिष आणि अडकलेलं वजन घेऊन मासा फिरत राहिला, तर तो आपला गुन्हा. उन्हाळ्यात झिग, म्हणजे लांब दोऱ्याचा गळ, लावून फोमचा तुकडा तळापासून वर तरंगता ठेवा, क्रेफिश तळाशीच राहतात. कडाक्याच्या थंडीत ते सुस्तावतात, तेव्हा मऊ आमिषही टिकतं.

आणि टिक ऐकू आली की वाट पाहू नका. रात्रीही दर दीड-दोन तासांनी दोर ओढून आमिष बघा. गळाला सिग्नल लागलाच, तर तो परत पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे. आमिष म्हणूनही वापरता येत नाही. घरी गेल्यावर जाळं आणि मासा ठेवायची चटई धुऊन पूर्ण वाळवा, रोगाचे बीजाणू ओल्या सामानातूनच पुढच्या तळ्यात जातात. जाळी आणि नळी मागच्या टेबलावर ठेवली आहे, चहा घेता घेता हाताळून बघा. किटली चालू आहे, नळी कशी आकसते ते तिच्याच वाफेवर दाखवतो.